ब्लॅकबर्नचे मालक सिंहगड रोडचे

इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांनी त्याच्या मालकांना, म्हणजे आपल्या पुण्याच्या वेंकीज या कोंबडीवाल्या कंपनीला, शिव्या घातल्या की आपल्याकडे काही मंडळी लगेच खवळतात. "मालक भारतीय आहेत ना, म्हणून गोऱ्यांच्या पोटात दुखतं." काहींच्या दुखत असेलही. पण 2016-17 चा सीझन नीट बघितलात तर, मी पुणेकर असूनही सांगतो, चाहत्यांचंच बरोबर होतं.

क्लब साधासुधा नाही. 1875 सालचा. 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी एक. 1995 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या नाकावर टिच्चून प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सगळ्यात वरची लीग, जिंकलेला. त्या सीझनला एकट्या शिअरर या स्ट्रायकरचे 34 गोल. नोव्हेंबर 2010 मध्ये आपल्या सिंहगड रोडवाल्यांनी तो विकत घेतला. पुढच्याच महिन्यात मॅनेजर सॅम अ‍ॅलर्डाइसला नारळ दिला, आणि 7 मे 2012 ला टीम प्रीमियर लीगमधून खाली, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. त्या मॅचला कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. त्यानंतरच्या सीझनमध्ये एक मॅनेजर 57 दिवस टिकला, दुसरा 67.

तर 2016. ओवेन कॉइलला मॅनेजर केलं. हा पूर्वी बर्नलीचा मॅनेजर! ब्लॅकबर्न आणि बर्नली, लँकेशायरमधली शेजारशेजारची गावं, फुटबॉलमध्ये एकमेकांची हाडवैरी. लोकांनी कपाळाला हात लावला. पहिल्याच मॅचला, घरच्या मैदानावर, नॉर्विचने 4-1 असं धुतलं. त्याच ऑगस्टमध्ये बचावातले दोन खंदे, हॅन्ली आणि डफी, विकून मोकळे.

मग चाहत्यांनी जो निषेध काढला तो मला फार आवडला. मॅच सुरू झाली तरी अठरा मिनिटं आत जायचं नाही, आणि 75 व्या मिनिटाला उठून चालू पडायचं. 18 आणि 75. स्थापनेचं वर्ष. यात कुठे आला वंशद्वेष?

फेब्रुवारीत कॉइल गेला, टोनी मोब्रे आला आणि गाडी जरा रुळावर आली. शेवटचा दिवस पुन्हा 7 मे, बरोबर पाच वर्षांनी. ब्लॅकबर्न ब्रेंटफर्डला जाऊन 3-1 जिंकलं. तिकडे नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला 3-0 हरवलं. दोघांचे पॉइंट्स 51. मग बघतात गोलफरक, म्हणजे मारलेले गोल वजा खाल्लेले गोल: फॉरेस्टचा उणे 10, ब्लॅकबर्नचा उणे 12. म्हणून ब्लॅकबर्न खाली. नॉर्विचने मारलेले ते चार गोल आठवा आता! प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जाण्याची ही पहिलीच वेळ.

वेंकीज कंजूष आहेत असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. वर्षानुवर्षं तोटा त्यांनीच भरला. पण मालक ईवूड पार्ककडे, म्हणजे क्लबच्या घरच्या मैदानाकडे, फिरकायचेच बंद झाले. गावच्या जत्रेची वर्गणी बिनचूक पाठवायची, पण पालखीला कधी यायचं नाही, अशातली गत. संताप बर्नलीच्या माणसापेक्षा या गोष्टीचा जास्त होता, असं मला वाटतं. तक्रार करायला समोर माणूसच नाही.

खाली गेल्यावर मात्र मोब्रेला त्यांनी काढलं नाही. त्याने पुढच्या सीझनला 96 पॉइंट्स कमावून टीम परत वर आणली. मालकांचा हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. सुचायला सहा वर्षं लागली, एवढंच.