“सगळे क्यूब पास” म्हणून स्लॅब पास होत नाही

मुंबईतल्या पुनर्विकासाच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “गुणवत्ता तपासणी अहवालावर शिक्का आहे, सगळे क्यूब पास आहेत, आता स्लॅबबद्दल शंका काढू नका.” शंका जरूर काढा. शिक्क्यावरून अहवाल कोणाचा ते कळतं; खरा की खोटा ते आतल्या नोंदींवरून.

“सगळे क्यूब पास.” क्यूब म्हणजे स्लॅबच्याच काँक्रीटने साच्यात भरलेले ठोकळे, जे लॅबमध्ये दाबून फोडतात. आधी सगळे म्हणजे किती ते मोजा. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे 31 ते 50 घनमीटरला 4 नमुने, पुढच्या दर 50 घनमीटरला किंवा त्याच्या भागाला 1 जादा. 120 घनमीटरच्या स्लॅबला 6 नमुने, दर नमुन्याला 3 क्यूब, म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी 18. अहवालात 6 च असतील तर बाकीचे 12 मागा.

“लॅबचे आकडे चुकणार कसे?” चुकतात, आणि कॅल्क्युलेटरवर सापडतात. क्यूबची बाजू 150 मिमी, दाब पडतो 22,500 चौरस मिमीवर. एम40 म्हणजे 28 दिवसांनी दर चौरस मिमीला 40 न्यूटन ताकदीचं काँक्रीट; क्यूबची ताकद 40 यायला त्याने 900 किलोन्यूटन भार पेलायला हवा. भार 810 आणि ताकद 40 लिहिली असेल, तर भागाकार करा: 36 येतो. वजनाचा रकाना तर कोणी बघतच नाही. नेहमीच्या काँक्रीटचा क्यूब 8 किलोच्या थोडा वर भरतो. 7.2 किलोचा क्यूब नीट ठोकून भरलेला नसतो, आत पोकळ्या राहिलेल्या असतात. त्याच्यापुढे 48 ची ताकद दिसली तर ती नोंद मान्य करू नका. तारखाही मोजा: 3 तारखेला भरलेला क्यूब त्याच महिन्याच्या 24 ला फोडला, तर ते 21 दिवस झाले, 28 नाहीत.

“काँक्रीट प्लांटचं आहे, खात्रीचं आहे.” म्हणजे प्लांटवर तयार करून गाडीतून आणलेलं. प्लांटवर असेलही खात्रीचं. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकते, माल घट्ट होतो, पंप ओढत नाही, मग ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतात. क्यूब त्याआधीच भरून झाले असतील, तर अहवालातली ताकद स्लॅबमध्ये गेलेल्या मालाची नाहीच. अशा तयार काँक्रीटच्या आयएस 4926 या मानकात गाडी रिकामी करायला साधारण 2 तासांची मर्यादा आहे. गाडीसोबतच्या डिलिव्हरी चलनावरची भरण्याची वेळ आणि साइटवरची ओतण्याची वेळ शेजारी ठेवून वाचा.

“हॅमर टेस्टही चांगली आली.” ती पृष्ठभागाचा कठीणपणा मोजते, ताकदीचा अंदाज 25 टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. वाद असेल तर कोअर, म्हणजे स्लॅबमधूनच ड्रिलने कापलेले गोल तुकडे, काढून तपासा: किमान 3, सरासरी ताकद ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के, एकही 75 टक्क्यांखाली नको. एम40 साठी 34 आणि 30. जागा स्ट्रक्चरल कन्सल्टंटने सळ्या टाळून आखाव्यात, आणि प्लॅस्टर व्हायच्या आत.