लिंबू पिळलेलं दूध म्हणजे बटरमिल्क नव्हे

एक कृती सतत फिरत असते : "कपभर दुधात टेबलस्पूनभर लिंबाचा रस घाला, ५ मिनिटं थांबा, बटरमिल्क तयार. त्यात सोडा घाला, फसफसलं की केक फुगणार म्हणून समजा. घरचं ताक वापरू नका, केक बसतो." बटरमिल्क म्हणजे विरजण लावून दाट आणि आंबट केलेलं दूध. या कृतीतलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पुढच्या दोन सल्ल्यांनी मात्र चांगले केक वाया जातात.

लिंबाने दूध आंबट होतं आणि फाटतं, दाट होत नाही. विरजलेल्या बटरमिल्कमध्ये आम्ल तासन्‌तास हळूहळू तयार होतं, प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि दाटपणा येतो. लिंबाच्या दुधात नुसते बारीक कण तरंगतात, त्यामुळे पीठ सैल पडतं.

शिवाय आंबटपणाही कमी पडतो. १५ मिली रसात साधारण पाऊण ग्रॅम सायट्रिक आम्ल असतं. दुधाचा स्वतःचा थोडा आंबटपणा धरला तरी ढोबळ हिशेबाने ते कपभर (२४० मिली) बटरमिल्कच्या दोन-तृतीयांशच भरतं. बटरमिल्कच्या कृतीत कपाला अर्धा टीस्पून सोडा असतो. लिंबाच्या दुधात त्यातला काही तसाच उरतो. केकला साबणासारखी चव आणि तपकिरी झाक येते ती यामुळेच. लिंबाचंच दूध घ्यायचं असेल, तर सोडा पाव टीस्पूनवर आणा आणि कसर १ टीस्पून बेकिंग पावडरने भरून काढा. पॅनकेकमध्ये हे खपून जातं, मोठ्या केकमध्ये नाही.

आता फसफसण्याबद्दल. दही-ताकाच्या वाटीत सोडा टाकून फेस दाखवणं व्हिडिओला छान दिसतं, पण तो फेस म्हणजे केकमध्ये जायला हवा होता तो वायू. सोडा ओला होऊन आम्लाला भिडला की कार्बन डायऑक्साइड लगेच सुटू लागतो. म्हणून सोडा मैद्याबरोबर चाळून घ्या, ताक शेवटी ओता, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा (बारीक गुठळ्या राहू द्या, जास्त घोटलं की केक चिवट होतो) आणि १० मिनिटांच्या आत आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये ठेवा. सोडा जुना झालाय का हे पाहायचं असेल, तर चिमूटभर वेगळा काढून त्यावर ताक टाकून पाहा.

घरच्या ताकाने केक बसतो, त्यात दोष पाण्याचा असतो. एक वाटी दह्याला दोन-तीन वाट्या पाणी घातलं की आंबटपणा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही आणि पीठही पातळ होतं. पाऊण कप दही आणि पाव कप पाणी गुठळ्या मोडेपर्यंत घुसळा, बटरमिल्कच्या जागी तेवढंच घ्या आणि सोडा कृतीप्रमाणेच ठेवा. मीठ-मसाल्याचं ताक नको. पातळ ताकच हाताशी असेल, तर रात्रभर फ्रिजमध्ये स्थिर ठेवून वरची निवळी ओतून टाका. याने दाटपणा येतो, आंबटपणा वाढत नाही. आम्ल लिंबाच्या दुधाहूनही कमी असतं, तेव्हा इथे सोडा पाव टीस्पूनच्याही निम्माच आणि बाकी कसर बेकिंग पावडरने.

फ्रिजमधलं ताक थेट ओतू नका. फेटलेलं लोणी त्याने घट्ट होतं आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढलं की पुरे.