ड्रायव्हर कामावर आहे

दिवाळीत आणलेली बॅटरीवरची मोटार चौथ्याच दिवशी पलंगाखाली निवृत्त झाली, तेव्हा सूनबाईंनी विकतची खेळणी बंद केली. साडेतीन वर्षांच्या नातीला यापुढे घरातल्या नि अंगणातल्या वस्तूच मिळतील, आणि त्यांचे काय करायचे हे तिला कोणीही सांगायचे नाही, असे ठरले. खर्च वाचणार म्हणून मी उत्साहाने पाठिंबा दिला आणि चहा पिता पिता व्याख्यानही दिले, की १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया आणि खडे मुलांच्या हाती दिलेच होते. त्यावर सूनबाईंनी सायमन निकल्सन काढला. भोवती सुट्या वस्तू जितक्या अधिक आणि जितक्या तऱ्हेच्या, तितका कल्पकतेला वाव अधिक, असे या ब्रिटिश शिल्पकाराने १९७१ साली मांडले आहे म्हणे. त्या सुट्या वस्तूंत फोडणीची पळी येते की नाही, हे विचारायचे मात्र राहून गेले.

ताराबाईंच्या मुलांना मोकळे अंगण होते. आमच्याकडे दहा बाय बाराची बैठकीची खोली आहे. परवा सकाळी तिथे बस उभी राहिली. एकामागे एक तीन पाट, पुढे दिव्यांच्या जागी दोन करवंट्या, पुरणाच्या चाळणीचे स्टिअरिंग आणि पाटांवर ओळीने बसवलेले कपड्यांचे चिमटे, म्हणजे उतारू. स्प्रिंग तुटलेला चिमटा आजारी असल्यामुळे त्याला खिडकीजवळची जागा दिली होती. चाळणीसमोर पालथ्या वाटीवर, ऐटीत, कुकरची शिट्टी बसली होती.

"आजी, ड्रायव्हरकाकांना मध्येच उतरवत नाहीत. गाडी स्वारगेटला जायची आहे."

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले, मी सूनबाईंकडे पाहिले आणि सूनबाईंनी छताकडे पाहिले. मुलीच्या खेळात मोडता घालायचा नाही, हा नियम त्यांचाच होता. डाळ पातेल्यात शिजायला घातली आणि स्वारगेट येईपर्यंत दीड वाजला.

पण माझी खरी परीक्षा चिंचोक्यांनी घेतली. ते तिकिटे होते. शेजारचे रांगते बाळ रोज संध्याकाळी आमच्याकडे येते आणि जमिनीवरची प्रत्येक वस्तू आधी तोंडात घालून पाहते, म्हणून चिंचोके मोजून द्यायचे आणि मोजूनच डब्यात ठेवायचे, हे खाते माझ्याकडे आहे. सकाळी अठरा दिले होते. संध्याकाळी सतरा भरले. मी दिवाण सरकवला, गालिचा झटकला, पाट उलटे केले आणि कोपरांवर रांगत कपाटाखालून एक रिठा, दोन बटणे व हरवलेली म्हणून मोलकरणीला उगाच विचारलेली चहाची गाळणी बाहेर काढली. चिंचोका मिळेना. शेजारी निरोप धाडला की आज बाळाला आणू नका.

कंबर धरून उठलो, तेव्हा चाळणी बगलेत मारून कंडक्टरबाई समोर उभ्या होत्या.

"आजोबा, तिकीट दाखवा."

सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर चिंचोका तिथेच होता. सकाळी पहिले तिकीट तिने मलाच फाडले होते.