‘एक्सएसएस म्हणजे नुसता पॉपअप’ हे खरं नाही

वर्डप्रेसवर साइट बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतो आहे: प्लगइनमध्ये एक्सएसएस, म्हणजे साइटच्या पानात परकी स्क्रिप्ट घुसवू देणारं भोक, निघालं तर घाबरू नका. फार तर पॉपअप येईल, सर्व्हरला धक्का नाही. लॉगिनची कुकी एचटीटीपीओन्ली असते, म्हणजे स्क्रिप्टला ती वाचता येत नाही, मग चोरता कशी येणार. लाखोंनी वापरलेलं प्लगइन घ्या. आणि छोट्या साइटच्या वाटेला जातंय कोण? हे वाचून लोक अपडेट पुढे ढकलतात, म्हणून लिहितोय.

पॉपअप काढतो तो भोक दाखवणारा. हल्ला करणारा कशाला काढेल? स्क्रिप्ट कोणाच्या ब्राउझरमध्ये चालते, ते महत्त्वाचं. लाइटस्पीड कॅश प्लगइनमध्ये लॉगिन न करता, एका रिक्वेस्टमध्ये स्क्रिप्ट डेटाबेसात पेरता येत होती. ती उमटायची डॅशबोर्डवरच्या सूचनेत. साइटचा मालक सकाळी लॉगिन करतो आणि ती सूचना वाचायच्या आतच स्क्रिप्ट त्याच्या अधिकाराने चाललेली असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.७.०.१ आवृत्तीत हे दुरुस्त झालं, तरी २०२४ मध्ये जुन्या आवृत्तीच्या साइटींवर ‘डब्ल्यूपीसप-युजर’ नावाचे अ‍ॅडमिन उगवले. अ‍ॅडमिन झाला की प्लगइन म्हणून सर्व्हरवर चालणारी हवी ती पीएचपी फाइल चढवता येते. मग सर्व्हरला धक्का नाही कसा?

कुकी चोरायची गरजच पडत नाही. ब्राउझर ती आपणहून जोडतो. ‘नवा युजर’च्या पानावरचा नॉन्स (फॉर्म खऱ्या युजरनेच पाठवला हे पटवणारा छुपा कोड) स्क्रिप्ट वाचते, फॉर्म भरते, पाठवते. एचटीटीपीओन्ली हवंच, पण इथे ते आडवं येत नाही.

लोकप्रिय प्लगइनचं म्हणाल, तर अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स २० लाखांहून जास्त साइटींवर होतं. २०२३ मध्ये त्यात निघालेलं भोक एवढंच, की यूआरएलमधून आलेला मजकूर एस्केप न करता, म्हणजे त्यातला कोड निष्प्रभ न करता, पानात छापला जात होता. २०१५ मध्ये तर जेटपॅक, योस्टसकट कितीतरी प्लगइन एकाच चुकीत सापडले: यूआरएल जोडणारं फंक्शन स्वतः एस्केप करतं, असा सगळ्यांचा समज होता. अधिकृत माहितीतच ते स्पष्ट नव्हतं!

एक मान्य: रिफ्लेक्टेड प्रकारात, म्हणजे स्क्रिप्ट डेटाबेसात न राहता लिंकमधूनच येते तेव्हा, बहुतेकदा लॉगिन असलेल्याने लिंकवर क्लिक करावं लागतं. पण ‘हे पान उघडत नाही, बघता का?’ अशी लिंक आली, तर आपण लगेच उघडतोच ना?

छोट्या साइटी कोणी निवडून काढत नाही, बॉट सरसकट चाचपतात.

आज युजर्सच्या यादीत अ‍ॅडमिन वेगळे काढून बघा. अनोळखी नाव दिसलं तर ते उडवून थांबू नका. प्लगइन्सच्या फोल्डरात तुम्ही न टाकलेली फाइल आहे का, तेही तपासा.