‘काका, दहा मिनिटांचं काम आहे’ – प्रतिक्रियेला उत्तर

टोकन सर्व्हर (कार्ड नंबरऐवजी टोकन, म्हणजे बदली नंबर, देणारा) की-सर्व्हरला (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा) कसा जोडायचा, या माझ्या लेखाखाली आपण प्रतिक्रिया लिहिलीत. आपण नाव फक्त ‘एक पुणेकर’ असं दिलंय, तेव्हा मीही पुणेकर एवढंच म्हणतो. मला मात्र आपण न विचारता ‘काका’ करून टाकलंत. असो.

आधी चूक कबूल. केएमआयपीचा (की-सर्व्हरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचा) पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा नंबर, 5696 आहे, लेखात 5969 पडला होता. दुरुस्त केलाय, आभार. पण तेवढ्यावरून ‘लेखकाने की-सर्व्हर डोळ्यांनी तरी पाहिलाय का?’ हे विचारायलाच हवं होतं? आकड्यांची अदलाबदल गॅसचा नंबर लावतानाही होते.

आता आपलं ते वाक्य: ‘टोकन सर्व्हर की-सर्व्हरला जोडण्याआधी घड्याळं जुळवा, यावर दोन परिच्छेद कशाला? सर्टिफिकेट टाकलं की झालं. काका, दहा मिनिटांचं काम आहे.’

ऐका मग. हिंजवडीतलं एक ऑफिस, कोणतं ते सोडा. रात्री अकराला आम्ही टोकन सर्व्हरची नोंदणी केली. की-सर्व्हरने सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, दिलं आणि टीएलएसची (सुरक्षित) जोडणी तिथल्या तिथे तुटली. फायरवॉल पाहिली, पोर्ट उघडा. होस्टनेम दोन्हीकडून सापडत होतं. बारा वाजता सर्टिफिकेट नव्याने काढलं, तरी तेच. कॅन्टीन बंद, बाहेर टपरीही नाही. आणि पहाटे साडेपाचला, कोणी हात न लावता, जोडणी सुरू! पोरं म्हणाली, ‘झालं सर, चला घरी.’

मी नाही गेलो. सर्टिफिकेट उघडून ‘वैध केव्हापासून’ ती ओळ वाचली. कोणीतरी की-सर्व्हरचा टाइम झोन यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवून त्यात मनगटावरची वेळ टाइप केली होती. म्हणजे तो सर्व्हर साडेपाच तास पुढे जगत होता, आणि बाराला काढलेलं सर्टिफिकेट टोकन सर्व्हरच्या लेखी साडेपाचपर्यंत जन्मालाच आलं नव्हतं. एनटीपी (घड्याळं आपोआप जुळवणारी सोय) लावलं असतं तर मी रात्री बाराला घरी असतो. आता सांगा, दोन परिच्छेद जास्त झाले की कमी?

(ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा आपण बहुधा अकरावीच्या क्लासला असाल. हे लिहायला नको होतं, पण ‘काका’ आपणच सुरू केलंत.)

बाकीचं थोडक्यात. ‘टेबलात रँडम टोकन ठेवा, किल्ली हवी कशाला?’ बरं, त्याच टेबलातला खरा कार्ड नंबर उघडाच ठेवणार का? ‘1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड नंबर साठवायलाच बंदी आहे’ म्हणता, ती दुकानदारांना. कार्ड देणाऱ्या बँकेला आणि कार्ड नेटवर्कला नाही. ‘मॅन्युअलचं भाषांतर’ या शेऱ्याला उत्तर देत नाही.

आपलं दहा मिनिटांचं काम उरकलं असेल, तर दोन्ही सर्व्हरवर एकदा ‘डेट’ कमांड द्या आणि काय येतं ते इथेच लिहा. टाइम झोनसकट.