कोलारीचा हिरवा कण
तुमच्या लेखात कोलारीचा जस्ताचा साठा ‘छोटा, म्हणून दुर्लक्षित’ एवढ्यावरच सोडलाय, याचं वाईट वाटलं. नागपूर जिल्ह्यातल्या या जस्ताच्या जागेचं भूविज्ञान फार देखणं आहे हो! साकोली समूहातले (या भागातल्या प्राचीन खडकांच्या गटातले) हे खडक मुळात ज्वालामुखीचे आणि गाळाचे, पुढे दाब-उष्णतेने पार बदललेले. जस्ताचं नेहमीचं खनिज स्फॅलेराइट उघड्यावर टिकत नाही, हवापाण्याने विरून जातं. टिकतो तो गाह्नाइट. गडद हिरवा, क्वार्ट्झपेक्षाही कठीण, आणि त्यातही जस्तच! असा कण भिंगाखाली दिसला की खाली शोधायचं. स्फॅलेराइट ओळखायला चुऱ्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायचा. सडक्या अंड्यांचा वास येतो. विद्यार्थ्यांना मी तो घ्यायला लावतोच. पुढच्या लेखात तिथल्या खडकांचे जवळून काढलेले फोटो नक्की द्या.