कुरडया, अर्जुन आणि अण्णांची गच्ची

काल संध्याकाळी इंदुरात या मोसमातला पहिला खरा वळीव आला. आधी आंधी, धुळीने डोळे भरले, मग टपोरे थेंब आणि मग पाऊण तास नुसता कडकडाट. आज सकाळी रामबागेतल्या आमच्या ओटल्यावर अण्णा, काका, काकांचा भाचा आणि मी पोहे-जलेबी खाताना त्यावरूनच वाजलं. अण्णा म्हणे, मी पूर्ण वेळ गच्चीवर उभा राहून बघितला, तुम्ही लोक दारं लावून बसता, तुम्हाला काय कळणार भिया.

मी म्हटलं, अण्णा, वळवाची खरी मजा घरात असते आणि हे मी मनापासून सांगतोय. पहिला ढग वाजला तशी आई खालून ओरडली "कुरडया!" आणि मी, बायको, मुलगी तिघंही जिन्याने वर पळालो. चादरीची टोकं चार, माणसं तीन, त्यामुळे एक टोक लोंबत होतं आणि तिथून निम्म्या ओल्या कुरडया जिन्याभर सांडत होत्या. उरलेल्या आईच्या पलंगावर पसरल्या, पंखा लावला आणि लाइट गेली. आमच्या इन्व्हर्टरची बॅटरी महिनाभर बंद आहे, तेव्हा मिट्ट काळोख. पलंग कुरडयांनी अडवलेला म्हणून आईसकट सगळे पुढच्या खोलीत जमिनीवर, एका मेणबत्तीभोवती. टीव्हीचा प्लग काढलेला, कोणाच्या हातात मोबाइल नाही. असे चौघं एकत्र कधी बसलो होतो मला आठवेना.

मुलीला म्हटलं, वीज चमकली की मोज, आवाज आला की थांब, आकड्याला तीनने भाग. उजेड लगेच पोचतो पण आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. पहिली २१ वर आली, म्हणजे सात किलोमीटर, कुठेतरी विमानतळाच्या बाजूला. मग १२. आणि इकडे आईचं सुरूच होतं, अर्जुन, फाल्गुन, जिष्णू, किरीटी... वीज चमकली की ती अर्जुनाची दहा नावं घेते, तिची आई घ्यायची म्हणून. थोड्या वेळाने मुलगीच म्हणाली, बाबा, आता सव्यसाचीला आवाज आला, मघाशी शेवटचा धनंजय होऊनसुद्धा आला नव्हता! मग आकडे सोडले आणि एका नावाला एक सेकंद धरून नावांनीच मोजलं. श्वेतवाहन. किरीटी. मग एक फाल्गुनालाच कडाडली, मुलीने कानात बोटं घातली आणि आईचा हात धरला. हे गच्चीवर मिळतं का?

अण्णा म्हणे, आणि घरात आकाश मिळतं का? वीज फांद्या फुटल्यासारखी पसरते ते तुझ्या खिडकीतून दिसतं? आणि मातीचा वास? इथे मी गप्प झालो, कारण आपल्या माळव्याच्या काळ्या मातीला उन्हाळाभर तापल्यावर जो वास येतो त्याला तोड नाही. काकांचा भाचा बीएस्सीला आहे, तो म्हणाला मातीतले सूक्ष्म जीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, थेंब पडला की ते हवेत उडतं, आणि या वासाला पेट्रिकोर हे नाव १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी दिलं. छान. पण वास खिडकीतूनही येतो ना यार.

मग मात्र मी थोडा चढ्या आवाजात बोललो, त्याचं मला वाईट वाटत नाही. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात आणि आपलं मध्य प्रदेश त्यात वरच असतं. शेतातली माणसं, झाडाखाली उभी राहिलेली. त्यांना दुसरा आसरा नसतो, अण्णांना आहे. अण्णा म्हणे, माझ्या पायात रबरी चप्पल होती. अहो, जी वीज किलोमीटरच्या किलोमीटर हवा फोडून खाली येते तिला अर्धा इंच रबर काय अडवणार? गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यावर पडू शकते, एवढं साधं आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरात थांबायचं. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज असली की सांगतं, ते काकांनी तिथल्या तिथे अण्णांच्या फोनमध्ये टाकून दिलं.

"मग बघायचंच नाही?" अण्णा दुखावले होते. बघा की, दाराच्या आतून बघा, लोखंडी जाळीला हात न लावता, नळ न उघडता. आमच्याकडे या, पलंग सोडून कुठेही बसा.

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, पण दहा नावांना दहा सेकंद लागतात हे कशावरून? माझी आजी चारात संपवायची. झालं! भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि भर रस्त्यात तिघांनी नावं म्हटली. मला ११ सेकंद लागले, काकांना सात, अण्णांना साडेचार, म्हणजे अण्णांच्या हिशोबाने प्रत्येक वीज दुप्पट लांब. आईचा वेग बघायला घरी आलो तर ती कुरडया उलटत होती. म्हणाली, "आत्ता कुठे गडगडतंय? उगाच नाही म्हणत मी."